मोटारसायकलची रेस का अडकते? कारणे, तपासणी व उपाय



शेताचे पाणी पाहणे, खताची गोणी आणणे, ऊस नोंदीसाठी शेतकी खात्यात जाणे, टोळीच्या मुकादमाला गाठणे, सोसायटीत सही करून येणे, ह्या सगळ्या कामांना आता मोटारसायकल लागते. गोठ्यात बैलजोडी नसलेले घर सापडेल, पण दारात गाडी नसलेले घर विरळाच. बैलाच्या खुरात खडा रुतला तर आपल्याला तो चालताना लंगडतो एवढ्यावरून कळते. गाडी मात्र किक मारली आणि सुरू झाली की चांगली, असे आपण धरून चालतो. गाडीचेही काही खडे असतात. त्यातला सर्वांत धोक्याचा खडा म्हणजे रेस अडकणे.

मोताळ्याहून बुलडाण्याला जायचे तर राजूरचा घाट चढावा लागतो आणि येताना तोच उतरावा लागतो. मलकापूरकडे जायचे तर हंगामात उसाच्या, कापसाच्या, मक्याच्या वाहनांतून वाट काढावी लागते. अशा रस्त्यावर मूठ सोडूनही गाडी पळतच राहिली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 16 ते 17 मीटर अंतर कापते. गडबडून दोन सेकंद गेले तर गाडी 110 फुटांच्या आसपास पुढे गेलेली असते. पुढे उभी असलेली ट्रॉली एवढा वेळ देत नाही. म्हणून ह्या लेखात हा दोष ओळखावा कसा, शोधावा कसा आणि दुरुस्त कसा करावा, ते क्रमाने पाहू.

1) आधी जीव, मग गाडी

चालत्या गाडीची रेस अडकली तर पुढीलप्रमाणे करावे.

(अ) क्लच पूर्ण दाबावा. इंजिन जोरात ओरडेल. त्या आवाजाला घाबरून क्लच सोडू नये. इंजिन ओरडले तरी चाकाला ताकद जात नाही, हे लक्षात असू द्यावे.

(ब) त्याच वेळी पुढचा व मागचा दोन्ही ब्रेक सारख्या जोराने लावावेत. एकाच ब्रेकवर सगळा भार टाकू नये.

(क) हँडलवर इंजिन बंद करण्याचे बटण असेल तर ते दाबावे. नसेल तर वेग कमी झाल्यावर चावी फक्त एक घर मागे फिरवावी. चालत्या गाडीत चावी उपसू नये व हँडल लॉकच्या दिशेने नेऊ नये. हँडल लॉक झाले तर गाडी वळणारच नाही.

(ड) मूठ एकदा झटक्याने पुढे, म्हणजे बंद करण्याच्या दिशेने, फिरवून पाहावी. आली तर ठीक. नाही आली तर पुन्हा पुन्हा तिच्याशी झटापट करू नये. नजर रस्त्यावर ठेवावी, मुठीवर नाही.

(इ) गाडी रस्त्याच्या कडेला उभी करावी व दोष सापडल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

गिअर नसलेल्या स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो. तिथे दोन्ही ब्रेक धरून लगेच चावी किंवा बटणाने इंजिन बंद करणे हाच मार्ग. पेट्रोलचा कॉक बंद केला की गाडी थांबेल, असे काहीजण समजतात. ते खरे नाही. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर गाडी बरेच अंतर पळते.

वरील क्रिया एकदा मोकळ्या मैदानात, हळू वेगात, गाडी चांगली असताना करून पाहावी. घरात गाडी चालवणारी मुले-मुली असतील तर त्यांच्याकडूनही करून घ्यावी. हाताला सवय असली तर डोके गोंधळले तरी हात बरोबर काम करतो.

2) मुठीपासून इंजिनपर्यंत

आपण मूठ फिरवतो तेव्हा काय घडते? मुठीच्या आत एक नळी हँडलच्या पाइपावर फिरते. तिला एका तारेचा मणी अडकवलेला असतो. ही तार एका लवचिक कव्हरातून कार्बोरेटरपर्यंत जाते. तार ओढली की कार्बोरेटरमधील स्लाईड वर उचलली जाते, हवेची वाट मोकळी होते, हवेबरोबर पेट्रोलही जास्त ओढले जाते आणि इंजिनची गती वाढते.

कव्हरातून तार ओढण्याची ही रीत इंग्लंडच्या अर्नेस्ट बोडन ह्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे पेटंट 1896 चे. सायकलच्या ब्रेकपासून ते फवारणी पंपाच्या इंजिनपर्यंत आजही तीच रीत चालू आहे. स्वस्त, हलकी आणि वळणावळणाने नेता येणारी. तिची एक मर्यादा मात्र आपण लक्षात घेत नाही. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मूठ सोडल्यावर गाडीची गती उतरवण्याचे काम तार करत नाही, ते कार्बोरेटरमधील स्प्रिंग करते. तीच स्प्रिंग स्लाईड खाली दाबते, तार परत खेचते आणि मूठही फिरवून आणते. ह्या एकट्या स्प्रिंगला वाटेत जिथे जिथे अडथळा होईल, तिथे तिथे रेस अडकेल. काही गाड्यांना म्हणूनच दोन तारा असतात, एक उघडण्याची आणि एक बंद करण्याची.

3) दोष शोधण्याची रीत

शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नसेल तर आपण विहिरीपासून हातहातभर दांड तपासत बसत नाही. दांडाच्या मध्यावर जाऊन उभे राहतो. तिथे पाणी भरपूर असेल तर दांड पुढे फुटला आहे, नसेल तर मागे फुटला आहे. गाडीचेही तसेच करावे.

पहिली पायरी : इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. मूठ पूर्ण उघडून एकदम सोडावी. ती आपोआप परत यावी आणि कार्बोरेटरकडून "टक्" असा आवाज यावा. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे, अशा तिन्ही ठिकाणी हे करून पाहावे.

दुसरी पायरी : मूठ आळशीपणे येत असेल किंवा मध्येच थांबत असेल तर कार्बोरेटरचे वरचे झाकण खोलून तार स्लाईडपासून वेगळी करावी. आता तार हाताने ओढून सोडून पाहावी. तार जड चालली तर दोष तारेत किंवा मुठीत. तार मोकळी चालली तर दोष कार्बोरेटरमध्ये.

तिसरी पायरी : तार जड असेल तर ती मुठीकडूनही काढावी. नुसती मूठ फिरवून पाहावी. मूठ जड तर दोष मुठीत, मूठ मोकळी तर दोष तारेत.

तीन पायऱ्यांत दोषाचे घर सापडते. अंदाजाने आधी कार्बोरेटर, मग तार, मग मूठ असे एकेक बदलत गेले तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

4) मुठीतील दोष

मुठीवरचे रबर सैल होऊन आत सरकते व स्विचच्या डब्याला घासते. गाडी पडल्यावर हँडलचे टोक चेपते आणि मुठीची नळी त्यावर दाबून बसते. आतले ग्रीस वाळून त्यात धूळ मिसळते. शोभेची कव्हरे आणि प्लॅस्टिकच्या झालरी गुंडाळल्या जातात. थंडीत हातमोजाची कड फटीत सापडते. हँडलला अडकवलेल्या पिशवीचा बंदही मुठीला वेढा घालतो.

उपाय : रबर मूळ जागी बसवावे, ते सैल असेल तर बदलावे. नळी काढून पाइप व नळी फडक्याने स्वच्छ पुसावी, अगदी थोडे नवे ग्रीस लावावे. चेपलेले टोक कानशीने घासून गोल करावे. हँडलला पिशवी, किटली किंवा डबा अडकवू नये.

5) तारेतील दोष

रेस अडकण्याचे बरेचसे दोष तारेत सापडतात. तार अनेक बारीक तारांची वळलेली असते. तिची एखादी बारीक तार तुटली की तिचे टोक कव्हरात काट्यासारखे रुतते. सुरुवातीला मूठ थोडी खरखरते. आपण म्हणतो, "चालते अजून." पुढे एक दिवस ती पूर्ण उघडलेली असतानाच धरून बसते. खरखर ही पहिली सूचना, ती दुर्लक्षू नये.

दुसरे कारण गंज व धूळ. पावसाळ्यात पाणी वरच्या टोकातून कव्हरात उतरते. उन्हाळ्यात नळगंगेच्या खोऱ्यातील काळ्या मातीची पिठासारखी धूळ त्यावर बसते. खताच्या गोण्या टाकीवर आडव्या टाकून नेल्या की खताची पूड तारेच्या टोकाला लागते. खत हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. खत वाहिल्यानंतर हँडल व टाकीखालचा भाग कोरड्या, मग ओल्या फडक्याने पुसावा.

तिसरे कारण तारेची वाट. टाकी काढून बसवताना तार तिच्याखाली दबते, किंवा हँडलजवळ तिला कोन पडतो. इंजिन मंद गतीवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. नुसते हँडल फिरवल्याने इंजिनची गती वाढत असेल तर तारेची वाट चुकली आहे किंवा तार फार ताणलेली आहे.

उपाय : तारेला थोडी ढिलाई असावी. मुठीच्या कडेवर मोजली असता बहुतेक गाड्यांत ती 2 ते 6 मिलीमीटर असते. नक्की आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ढिलाई मुठीजवळच्या किंवा कार्बोरेटरवरच्या स्क्रूने जमवावी व त्याचे नट पुन्हा आवळावे.

तेल द्यायचे तर तार वरून सोडवून तिच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या कागदाचा नरसाळ्यासारखा कोन बांधावा. त्यात शिलाई मशीनचे पातळ तेल थेंब थेंब सोडावे, खालच्या टोकातून तेल येईपर्यंत वाट पाहावी. इंजिनमधून काढलेले काळे तेल वापरू नये, त्यात कीस असतो. घरातले खाण्याचे तेलही नको, ते वाळून चिकट होते. काही नव्या तारांच्या कव्हराला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. अशा तारांना तेल द्यावे की नाही, ते पुस्तिकेत पाहावे. एक जरी बारीक तार तुटलेली दिसली तर तेल देत बसू नये, तार बदलावी. गाठ मारलेली किंवा डाग दिलेली तार म्हणजे ठरवून बोलावलेला अपघात.

6) कार्बोरेटरमधील दोष

हवेचे फिल्टर फाटले, किंवा फिल्टर व कार्बोरेटर ह्यांमधील रबरी नळी सैल झाली, तर धूळ थेट आत जाते. धुळीने स्लाईडवर ओरखडे पडतात आणि ती तिरपी होऊन अडकते. स्प्रिंग मऊ पडलेली, तुटलेली किंवा वाकडी बसलेली असते. कार्बोरेटर इंजिनला जोडणारे नट फार आवळले तर त्याचा आकार किंचित बिघडतो आणि स्लाईड आवळून बसते.

ह्याहून नेहमीचे कारण म्हणजे साफसफाईनंतरची चुकीची बसवणी. स्लाईडच्या एका बाजूला उभी खाच असते. ती कार्बोरेटरच्या आतील लहान खिळ्यावर बसली पाहिजे. तिचा खालून तिरपा कापलेला भाग हवेच्या फिल्टरकडे असला पाहिजे. उलटी स्लाईड जोराने दाबून झाकण लावले तर ती उघडीच राहते आणि पहिल्या किकला गाडी बोंबलत सुटते.

उपाय : स्लाईड काढून स्वच्छ पेट्रोलने धुवावी. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे व जवळ विडी, चूल, दिवा नसावा. ओरखडे घालवण्यासाठी पॉलिश पेपरने घासू नये. घासल्याने स्लाईड सैल होते, जास्त तिरपी होते आणि पुन्हा अडकते. खोल ओरखडे असतील तर भाग बदलावा. बसवताना स्प्रिंग सरळ आहे ना, हे पाहावे. झाकण लावल्यावर मूठ चार-पाच वेळा उघडून सोडावी. प्रत्येक वेळी "टक्" ऐकू आल्याशिवाय किक मारू नये. हा नियम मिस्त्रीने केलेल्या कामालाही लागू आहे. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना आपण स्वतः "टक्" ऐकून घ्यावे. त्यात मिस्त्रीचा अपमान नाही.

7) मूठ परत येते, पण गाडी रेस सोडत नाही

हा दोष वेगळा आहे आणि अनेकजण त्यापायी चांगली तार बदलून बसतात. समजा, शेतावरून आलेले एक काका गॅरेजमध्ये सांगत आहेत :

"मिस्त्रीभाऊ, मूठ सोडली तरी गाडी पयतेच आहे. नवी तार टाकली, तरी तेच."

"काका, मूठ मागं येते का?"

"येते ना. चटकन येते."

"मंग तारेचा दोष नाही. चोक पाहिला का? सकाळी वढला असंल."

मिस्त्रीने विचारलेला पहिलाच प्रश्न महत्त्वाचा आहे. मूठ चटकन येते आणि "टक्" ऐकू येते, म्हणजे मूठ, तार, स्लाईड तिन्ही ठीक. आता पुढील गोष्टी पाहाव्यात. चोक ओढलेला राहिला आहे का? मंद गतीचा स्क्रू कोणी फार आवळला आहे का? तारेची ढिलाई संपली आहे का? हे सगळे ठीक असेल तर कार्बोरेटर व इंजिन ह्यांमधील जोड पाहावा. तिथले रबर तडकले किंवा पॅकिंग फाटले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात हवा जास्त व पेट्रोल कमी होते आणि गती उतरायला वेळ लागतो. इंजिन मंद चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब टाकावेत. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे. ह्या तपासणीसाठी पेट्रोल शिंपडू नये. गरम इंजिनवर आग लागते.

8) नव्या इंजेक्शनच्या गाड्या

एप्रिल 2020 पासून बी.एस. 6 चे नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची पद्धत आली. तिथे स्लाईडऐवजी एक गोल झडप फिरते. बहुतेकांत मूठ व तार मात्र जुनीच आहे, म्हणून वरील कलम 4 व 5 त्यांनाही लागू आहेत. झडपेवर काजळी बसली तर तीही अडकते. परंतु तिच्याजवळ विजेचे नाजूक भाग असतात. तिथे पाना-स्क्रू चालवू नये, कंपनीचे शिक्षण घेतलेल्या मिस्त्रीकडे गाडी द्यावी.

9) मोठ्या गाड्यांचा धडा

हा दोष खेड्यातल्या जुन्या गाड्यांनाच होतो, असे कोणी समजू नये. ऑगस्ट 2009 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटा कंपनीच्या एका महागड्या मोटारीचा अॅक्सिलरेटर दबलेला राहिला आणि एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. तपासात पायाखालच्या रबरी चटईत पेडल अडकल्याचे निष्पन्न झाले. ती चटई त्या मोटारीच्या मापाची नव्हती. पुढे 2009 व 2010 मध्ये चटई व चिकटणाऱ्या पेडलच्या कारणावरून कंपनीला लाखो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. इंजिन उत्तम, कारखाना नामांकित, आणि घात केला तो मापाबाहेरच्या चटईने. आपल्या मुठीवरचे सैल रबर आणि ती चटई एकाच जातीची.

10) हंगामापूर्वी एवढे कराच

गळीत हंगाम सुरू झाला की कोणालाच सवड नसते. रात्री-अपरात्री टोळीकडे, वजनकाट्याकडे धावपळ असते. म्हणून दसऱ्याला यंत्रे-अवजारे पुसतो त्याच दिवशी गाडीची पुढील तपासणी करावी :

— मूठ तिन्ही स्थितींत सोडून "टक्" ऐकणे.
— तारेची दोन्ही टोके उजेडात पाहणे. तुटका केस दिसला तर तार बदलणे.
— ढिलाई मोजणे.
— हवेचे फिल्टर व रबरी नळी पाहणे.
— इंजिन बंद करण्याचे बटण चालते का, ते इंजिन सुरू ठेवून पाहणे.
— दोन्ही ब्रेक तपासणे.

एवढ्याला अर्धा तास पुरतो. गाडीच्या पेटीत एक नवी तार गुंडाळून ठेवावी. डोक्यावर हेल्मेट असावे, मागे बसणाऱ्याच्याही. ज्यांच्या ट्रॉल्या उसाला लागतात त्यांनी ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात. मागून येणाऱ्याची रेस अडकलेली असेल तर त्याला ट्रॉली लांबून दिसणे हाच त्याचा शेवटचा आधार असतो, आणि तो येणारा आपल्याच शेजारचा सभासद असू शकतो.

स्वाध्याय

1. मूठ जड आहे, पण तार कार्बोरेटरपासून सोडवल्यावर मोकळी चालते. दोष कुठे?
2. हँडल उजवीकडे वळवले की गाडीची गती वाढते. काय पाहाल?
3. मूठ चटकन येते, "टक्" होते, तरी गती उतरत नाही. आधी कोणत्या तीन गोष्टी पाहाल?
4. घाटात रेस अडकली. पहिला हात कशावर?

उत्तरे : (1) कार्बोरेटरमध्ये, स्लाईड व स्प्रिंग. (2) तारेची वाट व ढिलाई. (3) चोक, मंद गतीचा स्क्रू, तारेची ढिलाई. (4) क्लचवर, आणि त्याच क्षणी दोन्ही ब्रेकवर.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला विचारावे. विचार करून उत्तर देत असेल तर त्याला अजून सरावाची गरज आहे, असे समजावे.